राखणदाराची क्वार्टर

अट्टल पिणारा सकाळी उठल्याउठल्या पितो, पण ती शरीराची मागणी असते. हात कापतात, घाम फुटतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. डॉक्टर गोळ्या देतात आणि आठवडाभरात ते थांबतं. खरी दारू त्यानंतर लागते, ती संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळात. मुलुंडच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात चार वर्षं काम करून मी शिकलेली ही पहिली गोष्ट. माणूस सकाळी केंद्राच्या सभेत बोलतो, दुपारी बायकोशी नीट वागतो आणि साडेपाचला खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. काय बघतोस रे, विचारलं तर म्हणतो, "काय नाय, असंच."

मी सत्तावीस वर्षांची आहे. निवृत्त माणसांनी लिहायच्या पानांवर माझं काय काम, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, जे कळलं ते लिहा. मला जे कळलं नाही ते जास्त आहे, तेव्हा तेच लिहिते.

आमचं घर घाटकोपरला. वडील चळवळीतले. आमच्याकडे चादरींपेक्षा पत्रकं जास्त होती; पावसात भिंत गळायला लागली की आई जुन्या पत्रकांचे गठ्ठे लावायची. अक्षरओळख मला पत्रकांवरूनच झाली. आम्ही बौद्ध. नारळ, अंगारे, अंगात येणं हे सगळं वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी उंबऱ्याबाहेर टाकलं. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्याच दिवसाची. त्यामुळे केंद्रात नोकरी लागली तेव्हा काय करायचं ते मला पाठ होतं. गिरण्या बंद पडल्या, माणसं रिकामी झाली आणि रिकाम्या माणसाला बाटली देणारा गल्लीत आधीपासून उभा होता. दारू कोण गाळतं, हप्ता कोण खातं, मालकाला झिंगलेला कामगार का आवडतो, यावर मी एक पत्रक लिहिलं. वडिलांनी ते सायक्लोस्टाइल करून दिलं. सभेत मी ते वाचायची. माणसं माना डोलवायची. एक जण तर रडलासुद्धा. आणि साडेपाचला सगळे खिडकीपाशी.

पत्रकातला एकही शब्द चुकीचा नव्हता. हे मी आजही ठासून सांगते.

टेकडीवर जाणं सुरू झालं ते नाइलाजाने. आमची जागा ज्या ट्रस्टची, त्यांनी डिसेंबरपासून संध्याकाळी हॉल लग्नाला द्यायला सुरुवात केली. वीस माणसांना घेऊन, तेही नेमक्या त्या वेळी, जायचं कुठे? मुलुंडच्या मागे जंगलाचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या एका उतारावर वनखात्याने पावसाळ्यात रोपं लावली होती आणि आता ती वाळत होती. तिथला वनरक्षक म्हणाला, "माझ्याकडे माणसं नाहीत. तुमच्याकडे आहेत. पाणी घाला."

खालच्या विहिरीतून तेलाच्या रिकाम्या डब्यांना दोरी बांधून पाणी काढायचं, दोन हातांत दोन डबे घेऊन चढ चढायचा, रोपांना घालायचं, परत खाली. रोज साडेचार ते साडेसात. डॉक्टरांनी एक साधी गोष्ट पहिल्याच आठवड्यात टिपली: दोन्ही हातांत डबे असले की माणसाला विडीसुद्धा पेटवता येत नाही. मी दुसरी टिपली. नव्या माणसाचा डबा वर पोहोचेपर्यंत अर्धा सांडलेला असायचा, हात कापत असल्यामुळे. महिन्याने तोच माणूस काठोकाठ डबा आणायचा आणि ते सगळ्यांना दाखवायचा. कुठल्याही गोळीचा गुण असा डोळ्यांना दिसत नाही. माणसं घरी जाऊन झोपायला लागली. बायका येऊन सांगायच्या, "ताई, घोरतायत. चक्क घोरतायत."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. गिरणी बंद, अड्डा चालू, हप्ता चालू, आणि माणूस सुधारतोय कशाने, तर आवळ्याच्या रोपाला पाणी घालून? मग मी लिहिलेलं काय होतं? हवापालट श्रीमंतांचा, ते खंडाळ्याला जातात. आमच्या माणसाला चार झाडांखाली उभं राहायलाही वनरक्षकाची परवानगी लागते, हा मुद्दा मी नव्या पत्रकात घातला. पण झाडाचा गुण का येतो, त्यावर एक ओळ लिहिता येईना.

बरं, सगळ्यांना येतो असंही नाही. बँकेतले एक कुलकर्णी होते. डबा उचलायचे नाहीत, खडकावर बसून पक्ष्यांची नावं सांगायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, मला खाली ठेवा. इतकं शांत वाटतं ना इथे, की हमखास घ्यावीशी वाटते." मी त्यांना खाली ठेवलं. ते हॉलमध्ये लग्नाच्या बँडच्या आवाजात बसून राहिले आणि टिकले. डॉक्टरांना विचारलं, याचा अर्थ काय? ते म्हणाले, "तुला कळला तर मला सांग."

आता घाडीकाकांबद्दल.

यशवंत घाडी मालवणकडचे, वय पंचावन्न, गिरणीत विणकर. संपानंतर त्यांनी फक्त दारू प्यायचं काम केलं. काकी लोकांच्या घरी पोळ्या करून घर चालवत होती. तिच्या भाच्याने ठाण्याच्या बाजूच्या एका कंपनीत वॉचमनची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच: नव्वद दिवस दारू नाही, असं केंद्राचं पत्र. कंपनीने मार्चअखेरपर्यंत जागा ठेवायचं कबूल केलं होतं. काकी मला म्हणाली होती, "ह्या पत्रावर आमचा सगळा आसा. नायतर मी गावाक जातलंय, एकटी." ती हे भांडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती हिशेब सांगितल्यासारखं बोलली.

काका टेकडीवर सगळ्यांत रमले. कुठलं रोप कशाचं हे वनरक्षकापेक्षा त्यांना जास्त माहीत. मला 'बाय' म्हणायचे. सत्तरीच्या आसपास दिवस झाले आणि शिमगा आला. कोकणातला माणूस शिमग्याला गावी जातोच, पण तिथे सगळं गाव पिणार, म्हणून डॉक्टरांनी काकांना जाऊ दिलं नाही. त्यांच्या घराण्याकडे गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान. म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं, काय चुकलं, काय हवं. त्या वर्षी ते दुसऱ्याने घातलं. तेव्हापासून काकांचे डबे परत सांडायला लागले.

तेवढ्यात रान साफ करताना शिरसाटला गांधीलमाश्या चावल्या. शिरसाट म्हणजे आमच्यातला थट्टेखोर, भांडुपला रिक्षा चालवायचा, चाळीस दिवस झाले होते. तोंड सुजलं तरी म्हणत होता, "ताई, आता बायको ओळखणार नाय, झकास!" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कुदळ खाली ठेवली.

"बाय, आमी चुकलो. जागेवाल्याक इचारल्याशिवाय हयसर खणलो."

"कोण जागेवाला?"

"राखणदार. प्रत्येक जागेक आसता. तेचो मान देवक व्हयो."

"काका, इथे पोळं होतं, तुम्ही काठी घातलीत. माश्या चावणारच."

"पोळा कोणी ठेवला थयसर?"

मी दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. शेवटी काका म्हणाले, "बोललंस बरा. पण माजे हात काय आयकनत नाय." त्यांनी हात पुढे केले. ते कापत होते. दुसऱ्या दिवसापासून ते टेकडीवर आलेच नाहीत. पाच वाजता घरातून निघायचे आणि कुठे जायचे ते काकीला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती केंद्रात आली आणि दारातच उभी राहिली. "अजून प्यायले नायत. पण अड्ड्यासमोरच्या कट्ट्यावर बसून रवतत. नुसते बघत." सत्त्याहत्तरावा दिवस होता.

मी काकांना कट्ट्यावर जाऊन गाठलं. "काय लागतं त्या मानाला?"

"नारळ. विडीचो कट्टो. अगरबत्ती." मग खाली बघून म्हणाले, "आनि एक क्वार्टर."

मला वाटलं ते चेष्टा करतायत.

"दारू? दारू सोडायला दारू?"

"माका नको. तेका."

"नारळाचं पाणी घालू ना."

"का? तेका काय डायबिटीस आसा?"

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. मग म्हणाले, "पुस्तकात नाही. नको म्हटलं तर तो आठवड्यात पिणार. हो म्हटलं तर वीस माणसांसमोर बाटली उघडणार. तू काय म्हणतेस?"

मी काय म्हणणार? तत्त्व पहिल्यापासून माहीत होतं. आणि कट्ट्यावर बसलेला माणूसही दिसत होता. मी म्हटलं, "करू." का म्हटलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आता दारू आणायची कुणी? केंद्रातल्या कुणालाही पाठवणं शक्य नव्हतं. डॉक्टरांना मुलुंडमध्ये सगळे ओळखतात. काकांनी स्वतःहून सांगितलं, "बाटली आदी माज्या हातात दिव नको." राहिले मी. ज्या दुकानाविरुद्ध मी सह्या गोळा केल्या होत्या त्याच दुकानाच्या काउंटरवर खांद्याला शबनम लावून मी उभी राहिले.

"एक क्वार्टर."

दुकानदाराने मला ओळखलं. "ताई, धाड आहे का?"

"नाही. द्या."

"कुठली?"

कुठली असते ते मला माहीतच नव्हतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "संत्रा द्या हो ताईंना, पहिल्या खेपेला ती बरी पडते." वळून बघितलं तर आमचाच जुना माणूस, मागच्या वर्षीचा, समोर ग्लास. उठून उभा राहिला, नमस्कार केला आणि अगदी मनापासून म्हणाला, "ताई, तुम्ही नका लागू याच्या नादाला. वाट लागते." त्याच्यासाठी मी तीन महिने घालवले होते.

क्वार्टर पत्रकात गुंडाळून शबनममध्ये टाकली. माझ्याकडे दुसरा कागद नव्हता.

संध्याकाळी टेकडीवर सतरा जण होते. मी सांगितलं, ज्याला नको त्याने खाली थांबावं. एकही थांबला नाही. दारूसाठी नव्हे, गंमत बघायची म्हणून. काकांनी तीन दगड मांडले, अगरबत्ती लावली, विडीचा कट्टा ठेवला, नारळ फोडला. मग बाटलीचं झाकण फिरवलं आणि वास सुटला. मी माणसांचे चेहरे बघत होते. काही जणांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आता कुणीतरी झडप घालणार आणि मी जन्मभर हे सांगत फिरणार.

काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. इतका मोठा आवाज त्यांच्यात होता हे मला माहीत नव्हतं.

"बा जागेवाल्या, राखणदारा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत!"

कोकणातल्या चौघा-पाच जणांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"तुका न इचारता हयसर कुदळ मारली. चूक झाली. ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" आता घाटावरचे, बिहारचे, सगळे होते त्यात.

"ह्येंच्या पाठी जी पीडा लागली हा, ती ह्या बाटलीबरोबर तू घे, आनि लेकरांका मोकळी कर!"

"व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या वेळी माझाही आवाज होता. तो कसा आला मला माहीत नाही. वडिलांना मी सांगितलेलं नाही. हा अंक घरी येतोच, तेव्हा त्यांना कळेल.

काकांनी दगडांवर धार धरली. अर्धी बाटली रिकामी झाली आणि ते थांबले. माझ्या शेजारी शिरसाट उभा होता. त्याने उजवा हात पुढे केला, ओंजळीसारखा. त्याच्या मागच्याने केला. मग आणखी एकाने. मला काही समजेना. कोकणातल्याच एकाने माझ्या कानात सांगितलं, "ताई, उरलेली तीर्थ म्हणून सगळ्यांना द्यायची असते. रीतच आहे."

ही रीत मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारली नव्हती. नारळ लागतो का, अगरबत्ती किती, सगळं विचारलं, हे नाही. कारण देवाला दिलेलं परत माणसाकडे येतं, हे ज्या घरात देव आहे तिथेच माहीत असतं.

काका त्या हातांकडे बघत राहिले. मग बाटली त्यांनी पूर्ण उलटी केली. गळा दगडावर टेकवून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. "आज तीर्थ नाय," राखणदाराला म्हणाले, "सगळा तुझाच." आणि शिरसाटच्या ओंजळीत नारळाचा तुकडा ठेवला. त्यांचे हात कापत नव्हते.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सभांमध्ये सांगितली असती.

शिरसाट नारळ खात खाली उतरला. थट्टा करत उतरला. आणि तिथून सरळ अड्ड्यावर गेला. सकाळी त्याची बायको भांडुपहून केंद्रात आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. "ताई, एकच सांगा. बाटली तुम्ही नेली होती का वर?"

"हो."

"वास आला म्हणाले. म्हणाले, ताईंनीच आणली, मग काय." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही शिकलेल्या ना?"

वास नसता आला तरी तो प्यायला असता का? डॉक्टर म्हणाले, कदाचित. कदाचित हा शब्द मला आवडत नाही. पत्रकात तो चालत नाही. त्या रात्री मी माझ्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती काढून पुन्हा वाचल्या. एकही शब्द चुकीचा नव्हता. यातलं काहीच त्यात नव्हतं.

काका परत वर यायला लागले. डबे काठोकाठ. नव्वदावा दिवस आला आणि मी पत्राचा छापील नमुना समोर घेतला. त्यावर खाली ओळ होती: सदर व्यक्ती व्यसनमुक्त झाल्याची आम्ही खात्री देतो. ती ओळ मीच घातली होती, दोन वर्षांपूर्वी, मोठ्या विश्वासाने. आता पेन चालेना. काका कशाने बरे झाले? गोळीने, डब्याने, झाडाने, राखणदाराने, की शेवटचा थेंब ओतताना स्वतःच? आणि बरे झाले म्हणजे काय?

मी सरळ विचारलं, "काका, खात्री आहे तुम्हाला?"

"कसली खात्री, बाय? आज नाय पिऊचंय. तेवढा माका म्हायत आसा."

मी ती ओळ खोडली आणि हाताने लिहिलं: आज नव्वदाव्या दिवसापर्यंत यांनी दारू घेतलेली नाही. सही केली. काकी खोडलेली ओळ बघून पांढरी पडली. तिला वाचता येत नव्हतं, पण पत्रात खाडाखोड असली की काम होत नाही एवढं तिला ठाऊक होतं.

म्हणून मी काकांबरोबर कंपनीत गेले. तिथल्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "नव्वदाव्या दिवसापर्यंत म्हणजे? आणि उद्याचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "उद्याचा सायबानू, उद्या गेटवर तुमीच तोंडाचो वास घेवा. परवा परत घेवा. मी कंटाळूचंय नाय."

साहेब हसले नाहीत. पण शिक्का मारला.

बाहेर आलो. दुसरी पाळी मिळाली होती, दुपारी दोन ते रात्री दहा. ती चांगली की वाईट, मला ठरवता येईना. दारूची वेळ गेटवर जाणार हे चांगलं. टेकडी सुटणार हे वाईट. काकांच्या मनातही तेच असावं. बसच्या रांगेत ते म्हणाले, "बाय, आता माज्या वाटणीच्या झाडांका पानी कोण घालतलो? मे म्हयन्यात मरतली ती."

तोपर्यंत मी आयुष्यात कुणाला मुद्दाम खोटं सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात त्याची सवयच नाही.

"शिरसाट घालतोय," मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. "तो परत येवक लागलो?"

"हो."

"मगे बरा," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला मान वळवावी लागली.

बस आली. काका मुलुंडला उतरले, खालून हात केला. केंद्रही मुलुंडलाच. मी उतरले नाही. मी भांडुपचं तिकीट काढलं होतं.